गर्भपिशवी काढण्याआधी पोट साफ करायचं का? जुलाब, एनिमा आणि उपाशी राहण्याबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ५१ वर्षांच्या, राहायला जत तालुक्यात. पिशवीत गाठी आहेत, अंगावरून फार जातं, म्हणून मिरजेला दुर्बिणीतून पिशवी काढायची ठरली आहे. बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या चालू आहेत, रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्याही. हॉस्पिटलच्या छापील कागदावर ‘आदल्या दिवशी पोट साफ करणे’ असं लिहिलंय आणि मेडिकलमधून पेगचं (पॉलिएथिलीन ग्लायकॉल, पाण्यात विरघळवून प्यायचं जुलाबाचं औषध) पाकीट आणायला सांगितलंय. घरातल्या मोठ्या बायका म्हणतात, पाकीट कशाला, एरंडेल द्या. नात्यातली एक सिस्टर म्हणते, हल्ली याची गरजच नसते. कुणाचं ऐकायचं?

सिस्टरचं म्हणणं बरोबर आहे, पण त्याला काही महत्त्वाचे अपवाद आहेत, आणि तुमच्या आई त्या अपवादात बसतात की नाही हे फक्त त्यांचे सर्जनच सांगू शकतात. त्यामुळे पाकीट स्वतःच्या मनाने फेकूनही देऊ नका आणि न विचारता पाजूही नका. फोन करून एकच प्रश्न विचारा: ‘आईच्या ऑपरेशनमध्ये आतड्याला हात लावावा लागेल अशी शक्यता आहे का, की हे सगळ्यांनाच द्यायचं म्हणून लिहिलंय?’ सगळ्यांना देतात म्हणून लिहिलं असेल, तर बहुतेक डॉक्टर ‘राहू द्या’ म्हणतील. गरज असेल, तर ते कारण सांगतील आणि मग ते काम नीट, पूर्ण मात्रेत करायचं. अर्धवट साफ केलेलं पोट हे न साफ केलेल्या पोटापेक्षा वाईट. खालचं सगळं उत्तर या एका वाक्याभोवती आहे.

आधी ही पद्धत आली कुठून ते बघू, म्हणजे ती आता का सोडली जाते ते कळेल. मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेत आतडं कापून पुन्हा जोडतात. त्या जोडावरून मळ गेला तर जोड फाटेल, पोटात घाण पसरेल, या भीतीने आतडं आधी धुऊन घ्यायची रीत पडली. स्त्रीरोगाच्या शस्त्रक्रियेत ती तिथूनच आली आणि तिला तीन कारणं जोडली गेली: चुकून आतड्याला इजा झालीच तर घाण कमी पसरेल, दुर्बिणीतून बघताना आतडी रिकामी असली की ओटीपोट मोकळं दिसेल, आणि टेबलवर रुग्णाला शौच होणार नाही.

पहिलं कारण तपासून बघा. साध्या कारणासाठी केलेल्या दुर्बिणीच्या स्त्रीरोग शस्त्रक्रियेत आतड्याला इजा होण्याचं प्रमाण साधारण हजारात एक-दोन. त्यातही लहान आतड्याचा वाटा मोठा, आणि लहान आतड्यात घट्ट मळ नसतोच, त्यामुळे तिथे जुलाबाने काही साधत नाही. मोठ्या आतड्याला छोटं छिद्र पडलं आणि ते त्याच वेळी लक्षात आलं, तर ते टाके घालून तिथल्या तिथे बंद करता येतं, पोट साफ केलेलं असो वा नसो. अपघातात आतडं फाटून आलेल्या रुग्णाला कुणी आदल्या दिवशी जुलाब दिलेला नसतो. तरी त्यांच्यातल्या बहुतेकांचं आतडं पहिल्याच ऑपरेशनमध्ये शिवलं जातं आणि जुळतं. खरा घात होतो तो इजा त्या वेळी लक्षात न आल्याने, आणि ती लवकर लक्षात यायला जुलाबाची काही मदत होत नाही.

आणखी एक गोष्ट लोकांना पटायला जड जाते. जुलाबाने मळ जातो, पण आतड्याच्या अस्तरावरचे जंतू जात नाहीत. मोठ्या आतड्यातल्या एका ग्रॅम मळात जंतूंची संख्या एकावर अकरा शून्यं इतकी असते. धुतल्यावर एकूण मळ कमी होतो, उरलेल्यातली घनता तशीच राहते. उलट घट्ट मळ आतड्यात जागच्या जागी बसून असतो, तर जुलाबानंतर उरलेलं पातळ पाणी छिद्रातून झरझर बाहेर येतं आणि सक्शनने ओढून घेईपर्यंत पोटभर पसरतं. अर्धवट साफ केलेलं पोट धोक्याचं म्हटलं ते यासाठी.

दुसऱ्या कारणाचं, म्हणजे नीट दिसण्याचं. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोट साफ केलेल्या आणि न केलेल्या रुग्णांची तुलना करणारे अभ्यास झाले आहेत. कुणाचं पोट साफ केलंय हे सर्जनला सांगितलेलं नव्हतं. बघायला आणि काम करायला पडलेला फरक एकतर नव्हताच किंवा इतका थोडा होता की त्याने ऑपरेशनच्या निकालात काही बदललं नाही. रुग्णांना मात्र मळमळ, पोटफुगी, भूक, अशक्तपणा, झोप न होणं हे सगळं जास्त झालं. ओटीपोट मोकळं दिसायला लागतात त्या गोष्टी वेगळ्या आहेत: टेबल डोक्याकडे उतरतं करणं, पोटात कार्बन डायऑक्साइडचा पुरेसा दाब (साधारण १२ ते १५ मिलिमीटर पारा), जठरातली हवा नळीने काढून टाकणं, आणि भूलतज्ज्ञाने स्नायू पूर्ण सैल ठेवणं. हे जमलं की आतडी आपोआप वर सरकतात. डाव्या बाजूचं आतडं मध्येच येत असेल तर त्याच्या चरबीच्या झालरीतून एक टाका घेऊन ते पोटाच्या भिंतीकडे ओढून धरता येतं. उलट रात्री उशिरापर्यंत जुलाब चालू राहिले तर सकाळी लहान आतड्याची वेटोळी पाण्याने आणि वायूने फुगलेली सापडतात आणि दिसायला अडचण वाढते.

‘ईरास’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, शस्त्रक्रियेनंतर रुग्ण लवकर बरा व्हावा यासाठीच्या आंतरराष्ट्रीय सूचना आहेत. स्त्रीरोग-कर्करोगाच्या शस्त्रक्रियांसाठीच्या सूचना २०१६ साली आल्या आणि २०१९ साली सुधारल्या गेल्या. त्यांत स्पष्ट म्हटलंय की दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेआधी सरसकट जुलाब देऊ नये, आणि पोट उघडून करायच्या शस्त्रक्रियेतही त्याला प्रोत्साहन देऊ नये. कर्करोगासाठी हे लागू, तर साध्या गाठींसाठी जुलाबाची गरज आणखीच कमी. सांगली-मिरज, कराड, साताऱ्याच्या अनेक ठिकाणी हे मानलं जातंच. छापील कागद मात्र वर्षानुवर्षं तोच चालत राहतो.

आता अपवाद. एंडोमेट्रिओसिस (पिशवीच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढण्याचा आजार) गुदाशयाच्या भिंतीत खोल शिरला असेल आणि आतड्याचा तुकडा काढावा लागण्याची शक्यता असेल. अंडाशयाचा कर्करोग पसरला असेल आणि गाठींसोबत मोठ्या आतड्याचा खालचा भाग काढायचा विचार असेल. योनी आणि गुदाशय यांच्यामध्ये भोक पडून योनीतून मळ येतो, त्याची दुरुस्ती असेल. बाळंतपणात गुदद्वारापर्यंत फाटलेला आणि जुना झालेला भाग पुन्हा शिवायचा असेल. अशा वेळी बरेच सर्जन पोट साफ करून घेतात, आणि आतडं खरंच कापायचं असेल तर नुसत्या जुलाबावर थांबत नाहीत, सोबत तोंडावाटे अँटिबायोटिक देतात. जुनी ठरलेली पद्धत अशी: सकाळी ८ चं ऑपरेशन असेल तर आदल्या दिवशी दुपारी १, दुपारी २ आणि रात्री ११ वाजता निओमायसिन १ ग्रॅम आणि एरिथ्रोमायसिन १ ग्रॅम, एरिथ्रोमायसिनने पोटात फार कळा येतात म्हणून त्याच्या जागी मेट्रोनिडाझोल देतात. मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियांतल्या अभ्यासांवरून दिसतं ते असं की जखमेतला जंतुसंसर्ग कमी करण्याचं श्रेय असेल तर या गोळ्यांना आहे. नुसत्या जुलाबाने तो कमी होत नाही. म्हणून ‘जुलाब दिला पण गोळ्या नाहीत’ हा कागद आतड्याच्या ऑपरेशनसाठी असेल तर त्याबद्दल जरूर विचारा.

एरंडेलाचं. कृपा करून देऊ नका. एरंडेल लहान आतड्याला पिळतं, कळा आणतं, आणि किती वेळ काम करेल याचा भरवसा नाही. एखाद्या बाईला तीन तासांत थांबतं, एखादीला पहाटेपर्यंत जावं लागतं. सोनामुखीची चूर्णंही तशीच. आयुर्वेदात त्यांना जागा आहे, पण भुलीच्या आदल्या रात्री, बीपी-शुगरच्या बाईला, मोजमाप न करता द्यायची ती वस्तू नाही. इसबगोलही आदल्या रात्री नको. ते मळ वाढवतं, साफ करत नाही.

सर्जनने ‘हो, पेग द्यायचंच’ म्हटलं तर ते असं करा.

बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या पाकिटात साधारण १३७ ग्रॅम पावडर असते आणि ती २ लिटर पाण्यात विरघळवायची असते. २ लिटर म्हणजे एक लिटरच्या पाण्याच्या दोन बाटल्या, मोजून. तांब्याच्या अंदाजाने करू नका, कारण पाणी कमी पडलं की द्रावण घट्ट होतं आणि ते शरीरातलंच पाणी आतड्यात ओढतं. बोअरचं मचूळ पाणी असेल तर फिल्टरचं किंवा उकळून गार केलेलं वापरा. पेगला मुळात खारट चव असते, त्यात मचूळ पाणी मिसळलं की अर्ध्यावर उलटी होते. त्यात साखर किंवा गूळ घालू नका. फ्रिजमध्ये किंवा माठाशेजारी गार करून ठेवा, गार असलं की सोसतं. प्रत्येक पेल्यानंतर लिंबाची फोड चोखायला हरकत नाही.

दुपारी साधारण ३ वाजता सुरू करा. दर १० ते १५ मिनिटांनी एक पेला, म्हणजे २०० ते २५० मिलिलिटर, आणि तो घोट घोट न घेता एका दमात. २ लिटर संपायला दोन तास लागतात. पहिली शौच साधारण तासाभरात होते आणि पुढचे दोन-तीन तास जावं लागतं. मध्ये मळमळलं तर अर्धा तास थांबा, चार पावलं चाला, मग पेल्यातलं अंतर वाढवून पुन्हा सुरू करा. दोनदा उलटी झाली तर थांबून हॉस्पिटलला कळवा. शेवटी येणारं पाणी पिवळसर आणि आरपार दिसणारं असेल तर काम झालं. तपकिरी, गढूळ, तुकडे असलेलं पाणी येत असताना द्रावण संपलं, तर पोट साफ झालेलं नाही, आणि हे सकाळी ऑपरेशन थिएटरच्या दारात सांगण्यापेक्षा रात्रीच फोनवर सांगा. म्हणूनच शेवटच्या दोन वेळा काय आलं ते घरच्या कुणीतरी बघायला हवं. बायका संकोचाने ‘झालं साफ’ म्हणून टाकतात.

इथे आपल्या भागातली एक मोठी अडचण आहे. जतहून मिरज गाठायला एसटीने दोन तासांच्या वर लागतात. आदल्या दिवशी घरी जुलाब घेऊन पहाटेच्या गाडीने निघायचं म्हटलं तर वाटेत शौचालय नाही, बाई भीतीने पाणी पिणं बंद करते आणि पोचते ती कोरड्या तोंडाने, चक्कर येत असताना. घरी संडास लांब असेल, उन्हाळ्यात टँकरचं पाणी असेल तर हाल विचारूच नका. म्हणून जुलाब खरंच लागणार असेल तर आदल्या दिवशी दुपारीच ॲडमिट व्हा आणि तिथेच घ्या. एका दिवसाचं बेडचं बिल वाढेल, पण रात्री चक्कर येऊन मोरीत पडलेली बाई आणि सकाळी रद्द झालेलं ऑपरेशन, यापेक्षा ते परवडतं. ॲडमिट करणं शक्यच नसेल तर मिरजेत कुणा नातेवाइकांकडे मुक्काम करा आणि रात्री बाईसोबत कुणीतरी जागं राहा.

द्रावण संपल्यावर तहान लागण्याची वाट बघू नका. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यात करून रात्रीपर्यंत संपवा, त्याशिवाय साधं पाणी. पेगमध्ये क्षार मोजून घातलेले असतात, त्यामुळे त्याने शरीरातलं मीठ-पाणी फारसं ढळत नाही. तरी वयस्कर बाईंचं, आणि ज्यांना लघवी जास्त होण्याची गोळी चालू आहे त्यांचं, सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन ऑपरेशनच्या सकाळी तपासून घ्यावं. पोटॅशियम खाली गेलं तर भुलीत हृदयाचे ठोके बिघडतात आणि ऑपरेशननंतर आतडी सुस्त पडतात.

पेगऐवजी सोडियम फॉस्फेटची छोटी बाटली देण्याची पद्धत होती, कारण ९० मिलिलिटरमध्ये काम होतं. पण त्यातलं फॉस्फेट मूत्रपिंडात साचून ती कायमची खराब झाल्याचे रुग्ण आढळले आणि २००८ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. वय जास्त, मूत्रपिंडाचा त्रास, शुगर-बीपी, दुखण्याच्या गोळ्या चालू, अशा बाईला ते नकोच. तुमच्या आईंच्या बाबतीत कुणी ते लिहून दिलं तर ‘पेग चालेल का’ असं विचारा. तोंडाने मॅनिटॉल पाजण्याचीही जुनी पद्धत आहे. आतड्यातले जंतू त्यापासून हायड्रोजनसारखा पेट घेणारा वायू बनवतात, आणि जिथे कॉटरीने, म्हणजे विजेच्या चटक्याने कापायचं-जाळायचं काम करायचं, तिथे तो वायू नको.

आणि एक गोष्ट कधीही करायची नाही. पोट फुगलंय, उलट्या होतायत, दोन दिवस वारा सरलेला नाही अशा बाईला कोणताही जुलाब द्यायचा नाही. अंडाशयाच्या मोठ्या गाठीत किंवा कर्करोगात आतडं अडलेलं असू शकतं आणि त्यावर जुलाब म्हणजे आतडं फाटायला निमित्त. ‘गॅस झालाय, पोट साफ केलं की बरं वाटेल’ असं म्हणून घरी औषध देण्याची सवय इथे जिवावर बेतते.

आता गोळ्या. हा भाग तुमच्या आईंसाठी पोट साफ करण्यापेक्षाही महत्त्वाचा आहे. शुगरच्या गोळीच्या पट्टीवर नाव वाचा. नावात ‘ग्लिफ्लोझिन’ असेल, म्हणजे डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन, तर ती ऑपरेशनच्या तीन दिवस आधी बंद करतात. ही औषधं चालू ठेवून बाई उपाशी राहिली, त्यात जुलाब झाले, तर साखर जेमतेम वाढलेली दिसते आणि रक्त मात्र आम्ल होत जातं. ग्लुकोमीटरवर भरवसा ठेवणाऱ्याला ते कळत नाही. ही औषधं मेटफॉर्मिनसोबत एकाच गोळीत येतात, म्हणून नाव पूर्ण वाचायचं. ग्लिमेपिराइड असेल तर ज्या दिवशी जेवण बंद त्या दिवशी ती घेतली की साखर घसरते. ती किती घ्यायची किंवा टाळायची हे आधी विचारून ठेवा. मेटफॉर्मिन साधारणपणे ऑपरेशनच्या सकाळी घेत नाहीत. जुलाबाच्या दिवशी दर चार-पाच तासांनी साखर तपासा. ७० च्या खाली गेली किंवा दरदरून घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा आणि १५ मिनिटांनी पुन्हा बघा.

बीपीच्या गोळ्यांत ॲम्लोडिपिन सहसा ऑपरेशनच्या सकाळी घोटभर पाण्याबरोबर चालू ठेवतात. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल या गटातली गोळी सकाळची बहुतेक वेळा टाळतात, कारण जुलाबाने पाणी कमी झालेल्या बाईचं बीपी भूल दिल्यावर धाडकन खाली येतं. लघवीची गोळी जुलाबाच्या दिवशी घ्यायची का, हेही विचारा. अंतिम शब्द भूलतज्ज्ञाचा. त्यांच्याकडे तपासणीला जाताना गोळ्यांच्या पट्ट्याच पिशवीत घालून न्या, ‘पांढरी छोटी गोळी’ असं सांगून भागत नाही. आणखी एक: कोणतीही महत्त्वाची गोळी पेग सुरू करण्याआधीच्या तासाभरात घेतली तर ती जुलाबाबरोबर वाहून जाते. फिटची, थायरॉइडची गोळी असेल तर तीन-चार तास आधी घ्या.

लोहाच्या गोळीने मळ काळा, चिकट आणि घट्ट होतो. जुलाब द्यायचाच असेल तर ती पाच-सात दिवस आधी थांबवायला सांगतात. जुलाब नसेल तर थांबवायची गरज नाही. हिमोग्लोबिन फार कमी असेल तर शिरेतून लोह देण्याबद्दल बोला.

पोट साफ करायचं नाही असं ठरलं, तर मग काय करायचं? फार काही नाही. आदल्या दिवशी मऊ भात, मुगाचं वरण, इडली, उपमा, दही असं हलकं खा. मटकीची उसळ, पावटा, शेंगदाण्याची चटणी, भडंग, बेदाणे, पालेभाजी एक दिवस बाजूला ठेवा, कारण त्याने वायू धरतो. रात्रीचं जेवण ८ पर्यंत. आदल्या दिवशी संकष्टी किंवा वाराचा उपवास आला तर तो सोडायला आईंना आधीच राजी करा. दिवसभर साबुदाण्याच्या खिचडीवर आणि रात्री चंद्रोदयानंतर जेवण, मग सकाळी भूल, हे शुगरच्या बाईला झेपत नाही.

बऱ्याच बायकांना मुळातच बद्धकोष्ठ असतो. मोठी गाठ मागे गुदाशयावर दाबत असेल तर आणखीनच. त्यांना आदल्या दिवशी धुवून काढण्यापेक्षा आठवडाभर आधी रोज रात्री लॅक्टुलोज १५ ते ३० मिलिलिटर देऊन पोट नियमित केलेलं जास्त उपयोगी पडतं. आणि मिशरीबद्दल मोकळेपणाने सांगा. मिशरी लावल्याशिवाय परसाकडेला होत नाही असं सांगणाऱ्या कितीतरी बायका सातारा-सांगलीच्या खेड्यांत आहेत. तंबाखूतल्या निकोटिनने आतडी हलतात, त्यामुळे ते खरंही आहे. हॉस्पिटलमध्ये मिशरी सुटली की पोट तीन-चार दिवस बसतं आणि घरचे घाबरतात. लपवून ऑपरेशनच्या सकाळी लावली तर लाळ आणि तंबाखूचा रस पोटात जातो. भूलतज्ज्ञाला हे माहीत असेल तर ते त्याची सोय करतात, रागावत नाहीत.

एनिमा. अंग बाहेर येण्याच्या किंवा खालून पिशवी काढण्याच्या ऑपरेशनमध्ये गुदाशय भरलेलं असलं तर ते योनीच्या मागच्या भिंतीला ढकलतं आणि टेबलवर थोडी शौच होऊ शकते. म्हणून काही सर्जन आदल्या रात्री एक छोटा तयार एनिमा, १०० मिलिलिटरचा, देतात. ते ठीक आहे; पण मूत्रपिंडाचा त्रास असेल तर फॉस्फेटचा एनिमाही नको. डाव्या कुशीवर, उजवा गुडघा पोटाशी घेऊन झोपवायचं, नळीला जेली लावून बेंबीच्या दिशेने ७ ते १० सेंटिमीटर आत, हळूहळू, आणि मग ५ ते १० मिनिटं धरून ठेवायला सांगायचं. जोर लागला, दुखलं, रक्त दिसलं तर थांबायचं. साबणाच्या पाण्याचा मोठा एनिमा, तोही ‘साफ पाणी येईपर्यंत’ पुन्हा पुन्हा, ही पद्धत सोडायला हवी: साबणाने अस्तराला सूज येते आणि एनिमाने फक्त खालचा भाग धुतला जातो, वरचं जिथल्या तिथे राहतं. सगळ्यात जास्त घोळ होतो तो वेळेचा. थिएटरमध्ये न्यायच्या आधी तासभर एनिमा दिला की उरलेलं पाणी भूल चढून स्नायू सैल झाल्यावर, नेमकं जंतुरहित कपडे अंथरल्यावर, बाहेर येतं. ज्या गोष्टीसाठी एनिमा दिला तीच घडते. म्हणून द्यायचाच तर आदल्या संध्याकाळी.

रात्री १२ नंतर पाण्याचा थेंबही नाही, ही सूचनाही तपासून घ्या. भुलीच्या आधी जेवण बंद हवं किमान ६ तास, तळलेलं किंवा मटण असेल तर ८ तास. पण साधं पाणी, गाळलेलं लिंबू सरबत, नारळपाणी, बिनदुधाचा कोरा चहा हे २ तास आधीपर्यंत बहुतेकांना चालतं. मूत्रपिंड कमजोर असेल तर नारळपाणी नको, त्यात पोटॅशियम फार. ताक, पेज, उसाचा रस हे गढूळ, ते यात बसत नाहीत. आणि दुधाचा चहा म्हणजे जेवणच समजा, त्यालाही ६ तास. पहाटे ५ वाजता प्यायलेला अर्धा कप चहा हे ऑपरेशन पुढे ढकललं जाण्याचं नेहमीचं कारण आहे. म्हातारी माणसं ‘चहाच तर घेतला’ म्हणतात आणि सांगतही नाहीत. बऱ्याच वर्षांच्या शुगरने जठर सुस्त झालेलं असेल, वजन कमी करण्याचं इंजेक्शन चालू असेल, तर हे तास बदलतात, ते भूलतज्ज्ञ ठरवतील. यादीत आपला नंबर कितवा आहे तेही विचारा. तिसरा नंबर दुपारी दोनला लागणार असेल आणि बाई रात्री आठपासून कोरडी असेल, वर जुलाबही झालेले असतील, तर ती टेबलवर जाण्याआधीच अर्धी गळालेली असते. अशा वेळी सिस्टरला सांगून सलाईन लावून घ्या किंवा पाणी कधीपर्यंत चालेल ते विचारा.

जंतुसंसर्ग टाळण्याचा खरा उपाय साधा आहे: चिरा देण्याआधीच्या तासाभरात शिरेतून सेफाझोलिन २ ग्रॅम, आतडं उघडणार असेल तर सोबत मेट्रोनिडाझोल ५०० मिलिग्रॅम, आणि शुगर ताब्यात. पोट किती धुतलं यापेक्षा हे इंजेक्शन वेळेवर मिळालं का, याने जास्त फरक पडतो.

ऑपरेशननंतरचं थोडं. पिशवी काढल्यावर वारा सरायला एक-दोन दिवस आणि शौचाला दोन ते चार दिवस लागू शकतात. आधी जुलाब दिला असेल तर आतडं रिकामंच असतं, म्हणून आणखी उशीर होतो आणि त्यात बिघडलेलं काही नसतं. त्याच दिवशी संध्याकाळी डॉक्टरांनी परवानगी दिली की घोट घोट पाणी, मग मऊ भात. कॉटच्या कडेला बसवा, आधार देऊन चालवा. दुखण्यावरच्या ट्रॅमाडॉलसारख्या गोळ्यांनी पोट बांधतं, म्हणून त्या चालू असेपर्यंत रात्री लॅक्टुलोज द्या. अंग बाहेर येण्याच्या किंवा जुन्या फाटलेल्या भागाच्या दुरुस्तीनंतर कुंथायचं नाही, आणि गुदद्वारातून एनिमा किंवा कांडी कुणीही, अगदी वॉर्डातल्या मावशींनीही, सर्जनला विचारल्याशिवाय द्यायची नाही. ताजे टाके तिथेच असतात.

घरी परतल्यावर लक्ष कशावर ठेवायचं ते नीट ऐका. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर दुखणं रोज कमी होत गेलं पाहिजे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर ते वाढायला लागलं, पोट फुगून ताठ झालं, उलट्या, ताप, धाप, छातीत धडधड यांतलं काहीही दिसलं, तर त्या वेळी लक्षात न आलेली आतड्याची इजा असू शकते. ताप नसला तरी असू शकते. तेव्हा ‘गॅस अडकलाय’ म्हणून जुलाबाची गोळी, एरंडेल, शेक यांत रात्र घालवू नका. तोंडाने काही देऊ नका, ऑपरेशनचे कागद घ्या आणि जिथे ऑपरेशन झालं तिथे फोन करून त्याच रात्री निघा. हे जास्त झालं असेल तर वाटेत जे मोठं हॉस्पिटल लागेल तिथे थांबून आधी सलाईन आणि अँटिबायोटिक सुरू करून घ्या.